रिक्ततेच्या कसोटीवर उपराष्ट्रपतिपद

राज्यघटनेतील बहुतेक पदांचा इतिहास हा त्या पदांच्या अधिकारांच्या वापराचा इतिहास असतो. उपराष्ट्रपतिपदास हा नियम लागू करता येत नाही. भारताच्या राज्यघटनेने या पदास स्वतःचे असे कार्यकारी अधिकार जवळजवळ दिलेलेच नाहीत. उपराष्ट्रपती पदसिद्ध रीतीने राज्यसभेचा सभापती असतो आणि राष्ट्रपतीचे पद रिक्त झाल्यास नवीन राष्ट्रपती येईपर्यंत त्याचे काम पाहतो, एवढीच त्याची दोन कर्तव्ये आहेत. पहिले कर्तव्य नित्याचे आहे. दुसरे नैमित्तिक आहे. तथापि सामान्य समजुतीत या पदाची प्रतिष्ठा दुसऱ्या कर्तव्यावर आधारलेली दिसते. ही समजूत १९५२ पासूनच्या अनुभवाशी कितपत जुळते, आणि जे पद दुसऱ्याच्या रिक्त जागेसाठी निर्माण झाले ते स्वतःच रिक्त झाले असता काय घडते, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्राशी संबंध असलेल्या काही व्यक्तींची कारकीर्द विशेष उपयुक्त ठरते.

१. घटनाकारांची कल्पना

या पदाचा मूळ नमुना अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत सापडतो. तेथील उपाध्यक्ष सिनेटचा अध्यक्ष असतो आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतो. अध्यक्षाच्या मृत्यूनंतर उपाध्यक्ष स्वतः अध्यक्ष होतो की केवळ अध्यक्षाचे काम पाहतो, याविषयी मूळ घटनेतील शब्द संदिग्ध होते. १८४१ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन यांचा पदारूढ असताना मृत्यू झाला, तेव्हा उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी आपण पूर्णार्थाने अध्यक्ष झालो आहोत अशी भूमिका घेतली व ती रूढ झाली. मात्र यामुळे उपाध्यक्षाचे पद रिकामे पडे आणि ते भरण्याची सोय घटनेत नव्हती. १९६७ पूर्वी असे सोळा वेळा घडले. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी यांच्या हत्येनंतर जानेवारी १९६५ पर्यंत अमेरिकेस उपाध्यक्षच नव्हता. ही उणीव १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने दूर झाली.

भारताच्या घटनासमितीने अमेरिकेचा हा आराखडा स्वीकारला, परंतु त्यात मूलगामी बदल केले. भारतीय उपराष्ट्रपती हा राष्ट्रपतीबरोबर निवडून येत नाही; त्याची निवडणूक वेगळी आणि पाच वर्षांची मुदतही वेगळी असते. राष्ट्रपतीचे पद मृत्यू, राजीनामा अथवा पदच्युती यांमुळे रिकामे झाल्यास उपराष्ट्रपती कलम ६५ अन्वये राष्ट्रपती म्हणून काम पाहतो, पण उरलेल्या मुदतीचा वारस होत नाही. नव्या राष्ट्रपतीची निवडणूक सहा महिन्यांच्या आत झालीच पाहिजे, असे कलम ६२ सांगते. या काळात तो राज्यसभेचे सभापतित्व करू शकत नाही. ते काम कलम ९१ अन्वये उपसभापतीकडे जाते.

दोन्ही पदांची मतदारमंडळेही भिन्न आहेत. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत संसदेच्या निर्वाचित सदस्यांबरोबर राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य भाग घेतात. उपराष्ट्रपतीची निवड केवळ संसदेचे सदस्य करतात. घटनासमितीत डिसेंबर १९४८ मध्ये या भेदाचे समर्थन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले होते. राष्ट्रपती हा केंद्र व राज्ये या दोहोंचा प्रमुख असल्याने त्याच्या निवडणुकीत राज्यांचा सहभाग आवश्यक आहे. उपराष्ट्रपतीचे नित्याचे काम मात्र वरिष्ठ सभागृहाचे संचालन करणे एवढेच असून राष्ट्रपतीची जबाबदारी त्याच्यावर क्वचित प्रसंगी आणि अल्पकाळच येणार, तेव्हा त्यासाठी राज्य विधानमंडळांना पाचारण करण्याचे कारण नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षांच्या मते हे पद मुख्यतः सभापतीचे होते. राष्ट्रपतीच्या जागी उभे राहणे हा त्याचा आनुषंगिक भाग होता.

या भेदाचा प्रत्यक्ष अर्थ एका स्थानिक उदाहरणाने स्पष्ट होईल. ठाणे जिल्ह्यात बदलापूर स्थानकाच्या पूर्वेस असलेले कात्रप कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. तेथील मतदार विधानसभेसाठी मुरबाड आणि लोकसभेसाठी भिवंडी मतदारसंघात मत देतो. मुरबाडच्या आमदारास राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत असते, आणि १९७१ च्या जनगणनेवरून काढलेले त्या मताचे मूल्य महाराष्ट्रापुरते १७५ आहे. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत त्याच आमदारास मत नाही. भिवंडीच्या खासदारास ते आहे, आणि महाराष्ट्राच्या विधानसभा सदस्यांनी राज्यसभेवर पाठविलेल्या एकोणीस सदस्यांनाही ते आहे. येथे प्रत्येक मताचे मूल्य एकच असते. याच्या उलट, राज्यसभेवर नामनिर्देशित केलेल्या बारा सदस्यांना राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नसते, पण उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत असते. सारांश, राष्ट्रपतीच्या जागी बसण्याचा प्रसंग आल्यास उपराष्ट्रपती ज्या राज्यांचाही प्रमुख ठरतो, त्या राज्यांच्या विधानसभांनी त्यास निवडलेले नसते. हा प्रसंग क्वचितच आणि थोडा काळ येईल, या गृहीतावरच ही रचना उभी आहे.

कात्रपच्या नगरपरिषदेतील उपाध्यक्षाशी तुलना केल्यास आणखी एक वैशिष्ट्य लक्षात येते. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली उपाध्यक्ष हा अध्यक्षाच्या अनुपस्थितीत त्याच परिषदेच्या सभेचे संचालन करतो. त्याचे बदलीचे काम आणि सभा चालविण्याचे काम एकाच संस्थेत घडते. उपराष्ट्रपतीची गोष्ट निराळी आहे. तो ज्याची जागा घेतो त्या राष्ट्रपतीचा राज्यसभेच्या संचालनाशी संबंध नसतो, आणि ज्या सभागृहाचे तो संचालन करतो त्याचा तो सदस्यही नसतो. दोन असंबद्ध कर्तव्ये एका व्यक्तीच्या ठिकाणी जोडली गेल्यामुळे ती व्यक्ती एका जागी गेली की दुसरी जागा रिकामी होते.

२. पहिली सतरा वर्षे

२६ जानेवारी १९५० ते १३ मे १९५२ या काळात भारतास उपराष्ट्रपती नव्हता. या संक्रमणकाळासाठी कलम ३८० मध्ये स्वतंत्र तरतूद होती. घटनासमितीने निवडलेल्या राष्ट्रपतीची जागा रिकामी झाल्यास हंगामी संसद नवीन राष्ट्रपती निवडील आणि तोपर्यंत सरन्यायाधीश राष्ट्रपतीचे काम पाहील, असे त्यात म्हटले होते. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे कलम गळाले. तेव्हापासून राष्ट्रपती व उपराष्ट्रपती अशी दोन्ही पदे एकाच वेळी रिकामी झाल्यास काय करावयाचे, याचे तयार उत्तर घटनेत उरले नाही. कलम ७० ने संसदेस अशा अनपेक्षित प्रसंगासाठी तरतूद करण्याचा अधिकार दिला होता. परंतु संसदेने तो १९६९ पर्यंत वापरला नाही.

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९५२ आणि १९५७ मध्ये अविरोध निवडून आले. १९६० मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर असताना आणि १९६१ मध्ये त्यांच्या दीर्घ आजारात राष्ट्रपतीची कामे राधाकृष्णन यांनी पाहिली. १९६२ मध्ये ते राष्ट्रपती झाले, आणि त्यांच्या जागी आलेले डॉ. झाकिर हुसेन १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. लागोपाठच्या या दोन घटनांमुळे उपराष्ट्रपतिपद ही राष्ट्रपतिपदाची पायरी होय, अशी धारणा दृढ झाली.

या काळातील एका निवडणूकवादाची मुळे नागपुरात आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाडचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांनी १९५७ च्या राष्ट्रपतिनिवडणुकीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. काही मतदारसंघांतील निवडणुका अद्याप पूर्ण झालेल्या नसल्याने मतदारमंडळ अपुरे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. निवडणूक पूर्ण होण्यापूर्वी असा वाद ऐकता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. मतदारमंडळातील रिक्त जागांचा हा प्रश्न १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने मिटविला. मतदारमंडळात जागा रिकामी आहे एवढ्या कारणावरून राष्ट्रपतीच्या वा उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीस आव्हान देता येणार नाही, असे कलम ७१ मध्ये घालण्यात आले. त्याच दुरुस्तीने उपराष्ट्रपतीच्या निवडीसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरविण्याची अट काढून टाकली. मतदारांच्या रिक्त जागांची व्यवस्था अशा रीतीने झाली. पदांच्या रिक्ततेची व्यवस्था अद्याप बाकी होती.

३. १९६९ चा प्रसंग

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी राष्ट्रपती म्हणून काम पाहू लागले आणि राज्यसभेचे संचालन उपसभापती व्हायोलेट अल्वा यांच्याकडे गेले. राष्ट्रपतिपदासाठी गिरी स्वतः उभे राहिले तर काय, हा प्रश्न लवकरच गंभीर झाला. २८ मे १९६९ रोजी राष्ट्रपतीची कार्ये पार पाडण्याविषयीचा अधिनियम अस्तित्वात आला. दोन्ही पदे रिकामी असल्यास सरन्यायाधीश, आणि तोही नसल्यास सर्वोच्च न्यायालयाचा उपलब्ध असलेला सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश राष्ट्रपतीची कार्ये पार पाडील, अशी सोय त्याने केली. कलम ३८० मधील लुप्त झालेली कल्पना या अधिनियमाच्या रूपाने परत आली.

गिरी यांनी १९ जुलै रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर स्वाक्षरी केली आणि २० जुलै रोजी राजीनामा दिला. उपराष्ट्रपतीने राजीनामा राष्ट्रपतीस उद्देशून द्यावा, असे कलम ६७ म्हणते. जो स्वतःच राष्ट्रपतीच्या जागी आहे त्याने तो कोणास द्यावा, हे ते सांगत नाही. घटनाकारांनी या प्रसंगाची कल्पना केली नव्हती, हे यावरून उघड होते.

सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात राष्ट्रपतीची कार्ये पाहिली. हिदायतुल्ला यांची घडण नागपूरची होती. त्यांचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात व पुढे केंब्रिज येथे झाले. १९३० पासून त्यांनी नागपुरात वकिली केली. १९४६ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रपतीच्या जागी असताना त्यांनी बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकास संमती दिली. पुढे त्याच कायद्याच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा अकरा न्यायाधीशांच्या पीठात हिदायतुल्ला नव्हते. त्या पीठाचे प्रमुख न्यायमूर्ती जे. सी. शहा होते, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये त्या पीठाने तो कायदा रद्दबातल ठरविला. न्यायसंस्थेच्या प्रमुखास राष्ट्रपतीच्या आसनावर बसविण्याची किंमत या प्रसंगात दिसून येते. राज्ययंत्रणेतील एक जागा भरली, तेव्हा दुसऱ्या जागेवर उणीव भासली.

दहा वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९७९ रोजी, हेच हिदायतुल्ला अविरोध निवडून येऊन उपराष्ट्रपती झाले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग वैद्यकीय उपचारांसाठी अमेरिकेत गेले असता त्यांनी पुन्हा राष्ट्रपतीची कार्ये पाहिली. एकदा सरन्यायाधीश या नात्याने आणि एकदा उपराष्ट्रपती या नात्याने राष्ट्रपतीचे काम पाहिलेली ही एकमेव व्यक्ती होय. १९९२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

४. १९७७ आणि त्यानंतर

राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर ११ फेब्रुवारी ते २५ जुलै १९७७ या काळात बी. डी. जत्ती यांनी राष्ट्रपतीचे काम पाहिले. जत्ती हे पूर्वीच्या जमखंडी संस्थानातील. त्यांचे महाविद्यालयीन व कायद्याचे शिक्षण कोल्हापुरात झाले होते आणि मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात ते उपमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत केंद्रातील सत्तांतर घडले. एप्रिल १९७७ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला, तेव्हा जत्ती यांनी स्वाक्षरीस काही काळ विलंब लावला. अखेर ३० एप्रिल रोजी त्यांनी ती केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक केला होता, आणि सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा देणारी चव्वेचाळिसावी दुरुस्ती अद्याप झालेली नव्हती. राज्यांच्या विधानसभांनी न निवडलेल्या व्यक्तीपुढे त्यांच्याच बरखास्तीचा प्रश्न यावा, हा योगायोग कात्रपच्या उदाहरणातून निघालेल्या निष्कर्षाशी ताडून पाहण्यासारखा आहे.

राष्ट्रपतीचे पद मृत्यूमुळे रिकामे होऊन उपराष्ट्रपतीने त्याची जागा घेतल्याचे प्रसंग हे दोनच होत. गिरी यांचे ७८ आणि जत्ती यांचे १६४ मिळून हा काळ २४२ दिवसांचा भरतो. आजार व परदेशदौरे यांच्या निमित्ताने आलेले अल्प काळ सोडल्यास, सात दशकांहून अधिक काळात या पदाचे सर्वश्रुत कर्तव्य एकूण आठ महिनेच बजवावे लागले. याच अवधीत उपराष्ट्रपतीचे स्वतःचे पद सात वेळा रिकामे राहिले : १९६९, १९८७, १९९२, १९९७, २००२, २००७ आणि २०२५ मध्ये. यांपैकी १९८७, १९९२ व १९९७ मध्ये रामस्वामी वेंकटरामन, शंकरदयाळ शर्मा व के. आर. नारायणन हे क्रमाने राष्ट्रपती झाल्यामुळे जागा रिकामी झाली. २००२ मध्ये कृष्णकांत यांचा पदारूढ असताना मृत्यू झाला. तसा मृत्यू आलेले ते एकमेव उपराष्ट्रपती. २००७ मध्ये राष्ट्रपतीच्या निवडणुकीत प्रतिभा पाटील यांच्याकडून पराभव झाल्यावर भैरोसिंह शेखावत यांनी राजीनामा दिला. २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला, आणि १२ सप्टेंबर रोजी चं. पो. राधाकृष्णन यांचा शपथविधी होईपर्यंत ५३ दिवस पद रिकामे होते. हा या मालिकेतील सर्वांत दीर्घ काळ होय.

अशा प्रत्येक वेळी सभापतीचे काम उपसभापतीकडे जाते, आणि राष्ट्रपतीच्या जागी उभे राहण्याची जबाबदारी १९६९ च्या अधिनियमामुळे सरन्यायाधीशाकडे जाते. म्हणजे पद रिकामे झाले की त्याची दोन कर्तव्ये दोन दिशांस विभागली जातात. पहिल्या दिशेचे महत्त्व महाराष्ट्राच्या दोन प्रतिनिधींच्या उदाहरणांवरून कळते. अल्वा यांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये उपसभापतिपद सोडल्यानंतर चंद्रपूरचे बॅरिस्टर भा. दे. खोब्रागडे हे त्या पदावर आले व १९७२ पर्यंत राहिले. ते रिपब्लिकन पक्षाचे होते. सत्तारूढ पक्षाबाहेरील सदस्यावर सभागृहाने हा विश्वास टाकला होता. १९८७ मध्ये वेंकटरामन राष्ट्रपती झाल्यावर २५ जुलै ते २ सप्टेंबर या काळात सभापतीचे काम तत्कालीन उपसभापती प्रतिभा पाटील यांनी पाहिले. २ सप्टेंबरनंतर त्या आसनावर आलेले शंकरदयाळ शर्मा हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. २०२५ मध्ये निवडून आलेले राधाकृष्णन हेही महाराष्ट्राचे राज्यपालच होते.

५. पायरी की आसन?

पहिल्या नऊ उपराष्ट्रपतींपैकी सहा जण राष्ट्रपती झाले. १९९७ नंतर हे पद भूषविलेल्या कृष्णकांत, शेखावत, हमीद अन्सारी, वेंकय्या नायडू आणि धनखड या पाचांपैकी एकही झाला नाही. पायरीची कल्पना इतिहासानेच मागे टाकली आहे. याच काळात सभापतीच्या आसनाचे वजन मात्र वाढले. १९६८ च्या न्यायाधीश चौकशी अधिनियमाने न्यायाधीशांच्या पदच्युतीचा राज्यसभेतील प्रस्ताव दाखल करून घेण्याचा अधिकार सभापतीस दिला आहे. एप्रिल २०१८ मध्ये नायडू यांनी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची सूचना फेटाळली, ती याच अधिकारात. १९८५ च्या दहाव्या परिशिष्टाने पक्षांतर करणाऱ्या सदस्याच्या अपात्रतेचा निर्णयही त्याच्याकडे सोपविला.

अधिकार वाढले तशी निवडणुकीतील चुरसही वाढली. १९५२, १९५७, १९७९ व १९८७ मधील निवडी अविरोध झाल्या होत्या. १९९२ मध्ये नारायणन यांच्याविरुद्ध एकच मत पडले. २००२ मध्ये शेखावत यांना ४५४ आणि सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांना ३०५ मते मिळाली. शिंदे पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. २०२५ मध्ये राधाकृष्णन यांना ४५२ व न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते पडली. डिसेंबर २०२४ मध्ये तर कलम ६७ खाली उपराष्ट्रपतीच्या पदच्युतीची सूचना प्रथमच देण्यात आली. उपसभापती हरिवंश यांनी ती फेटाळली. सभापतीच्या निःपक्षपातीपणाविषयी सभागृहात उघड वाद उपस्थित व्हावा, हे आसनाचे महत्त्व वाढल्याचेच लक्षण मानावे लागेल.

या सर्व पुराव्यावरून आंबेडकरांनी १९४८ मध्ये केलेले या पदाचे वर्णन अनुभवाने खरे ठरविले आहे, असा निष्कर्ष निघतो. उपराष्ट्रपती हा प्रथम सभापती आहे. राष्ट्रपतीच्या रिक्त जागेची चिंता घटनेने सविस्तर वाहिली : पर्यायी व्यक्ती नेमून दिली, सहा महिन्यांची कमाल मर्यादा घातली. उपराष्ट्रपतीच्या रिक्त जागेबाबत मात्र कलम ६८ शक्य तितक्या लवकर निवडणूक घ्यावी एवढेच सांगते, मुदत घालत नाही. सात वेळा ही जागा तीन आठवड्यांपासून साडेसात आठवड्यांपर्यंतच्या काळात भरली गेली, याचे श्रेय घटनेतील शब्दांपेक्षा रूढ झालेल्या तत्परतेस अधिक आहे. त्या प्रत्येक काळात राष्ट्रप्रमुखाच्या पदाचे सातत्य संसदेच्या एका साध्या कायद्यावर अवलंबून होते, आणि साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येतो. ज्या कर्तव्यासाठी हे पद प्रसिद्ध आहे त्याचा प्रसंग दोनदाच आला, आणि ज्या रिक्ततेचा विचार घटनेने अपुरा केला ती सातदा आली. कलम ६८ मध्ये निश्चित मुदत घालावी काय, आणि १९६९ च्या तरतुदीस घटनेतच स्थान द्यावे काय, हे दोन प्रश्न या इतिहासातून सरळ निष्पन्न होतात.